काठ आधी बघा, पाणी मग: खान्देशात धरणाकाठी मुक्काम करायचा असेल तर

प्रश्न धुळ्याच्या एका शिक्षक दांपत्याचा आहे. मुलं दहा आणि तेरा वर्षांची. हवा भरायची दोन माणसांची कयाक आणि दोन रॉड घेऊन झाले आहेत, तंबू मित्राकडून मिळणार आहे. लोणावळ्याकडच्या एका धरणाकाठी ते एकदा राहून आले. तिथला रात्रभराचा डीजे आणि रांगेतले तंबू त्यांना नकोसे झाले. आता खान्देशातच शांत पाणी हवं आहे. वीज नको, हॉटेल नको, स्वयंपाक आपला आपण, सकाळी गळ टाकायचा, थोडं वल्हवायचं. कुठे जावं, परवानगी कोणाची लागते आणि मुलांना घेऊन जाणं सुरक्षित आहे का, एवढं त्यांनी विचारलं आहे.

जरूर जा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आपल्याकडे यासाठी उत्तम दिवस असतात. फक्त शोधाची सुरुवात पाण्यापासून करू नका. लोक नकाशावर निळा ठिपका बघतात आणि गाडी काढतात. मी आधी काठ बघतो: तो कोणाचा आहे, कशाचा आहे आणि उद्या सकाळी तो तिथेच असेल का.

आपली बहुतेक मोठी पाणी म्हणजे धरणं. हतनूर, गिरणा, वाघूर, अनेर, सुकी, अक्कलपाडा, सगळी तशीच. धरणाचा काठ सरकता असतो. पावसाळा संपताना पाणी बाभळींच्या बुंध्यांना टेकलेलं असतं. जानेवारीत तेच पाणी पार आत उतरलेलं असतं आणि मध्ये काळ्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. हा पट्टा बाहेरच्याला मोकळं मैदान वाटतो, पण ते मैदान नाही. पाटबंधारे खातं ही गाळपेराची जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्यानं देतं आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. ज्याची बापजाद्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली, तो माणूस पाणी हटलं की त्याच गाळात हरभरा टाकतो, कुठे गहू, कुठे पुढे टरबूज-डांगर. अंधारात पोचलात आणि जिथे सपाट दिसलं तिथे तंबू ठोकलात, तर सकाळी कळतं की आपण कोणाच्या तरी उगवत्या हरभऱ्यावर झोपलो होतो. म्हणून उजेड असताना पोचा. चारच्या आत.

दुसरं, हा गाळ फसवा असतो. वरची खपली उन्हानं वाळून भेगाळते, पांढुरकी दिसते, पाय ठेवला तर करकरते. पाण्याकडे आणखी वीस पावलं गेलात की खपली तशीच दिसते, पण खाली लोणी असतं. गुरंसुद्धा तिथे रुततात. हातात एक काठी ठेवा आणि चालताना पुढे टेकवत जा. जोर न लावता काठी वीतभर आत गेली, तर तिथूनच मागे फिरायचं, मग समोर कितीही सुंदर पाणी असो. मुलांना हे आधी घरी सांगा आणि तिथे पोचल्यावर त्यांच्याच हातात काठी देऊन करून दाखवा. कोणी रुतलंच, तर उभं राहून पाय उपसायचा नाही. एक पाय सोडवताना दुसरा आणखी खोल जातो. मागे बसायचं, आडवं व्हायचं, अंगाचा भार पसरायचा आणि सरपटत बाहेर यायचं. कयाक पाण्यात सोडायलाही गाळाचा काठ कामाचा नाही. मुरमाड किंवा खडकाळ उतार शोधा. तो प्रत्येक धरणाला कुठेतरी असतोच, आणि गुरं पाण्यावर कुठून उतरतात ते पाहिलंत की बहुतेक वेळा सापडतो. गुरांची वाट मात्र मोकळी ठेवा, तिच्यावर तंबू नको.

तंबूची जागा म्हणाल तर माझं मत पक्कं आहे. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेघेच्या वर, कोणाच्या तरी मालकीच्या शेतात, मालकाला विचारून. ही पातळी ओळखायला इंजिनिअर लागत नाही. पुरानं आणून टाकलेल्या काडीकचऱ्याची रेघ, खडकांवरचा फिकट पट्टा आणि जिथून मोठी झाडं सुरू होतात ती ओळ, या तिन्ही खुणा साधारण एकाच उंचीवर असतात. त्याच्या वरचं कापूस निघालेलं नाहीतर ज्वारी काढलेलं रान मागा. आपल्याकडे शेतकरी नाही म्हणत नाही. पैसे घ्यायलाही लाजतो, पण द्या. भाऊ, दादा, आप्पा, जे तोंडी येईल ते म्हणा, आधी पाणी प्या, मग विषय काढा. तुम्हाला आडबाजूचा, सोयी नसलेला मुक्काम हवा आहे, तर शेतात तो पुरेपूर मिळतो. शिवाय विहिरीचं पाणी मिळतं, रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस असतो, आणि तुम्ही कोण हे गावाला माहीत असतं. गावच्या पोलीस पाटलाला एक फोन करून ठेवा, म्हणजे रात्री कोणी बॅटरी मारत विचारायला येणार नाही.

परवानगीचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा, कालव्याचं तोंड या भागात मुक्काम नाही, होडी नाही, गळ नाही. पाणी आणि बुडीत जमीन पाटबंधारे खात्याची, म्हणून नाव पाण्यात घालायची असेल तर धरणावरच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा. मासे हा वेगळा हक्क आहे. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेनं पैसे भरून बीज सोडलेलं असतं. कटला-रोहू तुम्ही गळानं काढलात तरी तो त्यांच्या पिकातला असतो. काठावर त्यांची झोपडी किंवा वजनकाटा असतो, तिथे जा, सांगा की एक-दोन मासे जेवणापुरते घेऊ, काय द्यायचं ते विचारा. एवढं केलंत की तेच लोक तुम्हाला मासा कुठे लागतो ते दाखवतात.

जंगलाचं गणित वेगळं. अनेर धरणाच्या भोवती अभयारण्य आहे, पालच्या बाजूला यावल अभयारण्य आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं, मासे धरणं, जाळ करणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो तसा असायलाही हवा. तिथे जायचं तर वनपरिक्षेत्र कार्यालयातून रीतसर जा आणि पालला वनविभागाच्या विश्रामगृहात उतरा. तंबू आणि गळ त्या फेरीला घरी ठेवा.

आता कुठे. तुम्हाला पहिल्या खेपेला मी हतनूर सांगेन. धुळ्याहून महामार्गानं भुसावळच्या पुढे, अडीच-तीन तासांचा रस्ता. भिंतीजवळ नव्हे, वर, चांगदेवच्या बाजूला, जिथे तापी आणि पूर्णा मिळतात. पाणी तिथे पसरट आहे, दोन्ही काठांना गावं आहेत, संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. धरणात गाळ फार साचलेला असल्यामुळे उथळ जागा भरपूर आहेत, आणि म्हणूनच हिवाळ्यात पक्षी उतरतात: चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या, तलवार बदक. पहाटे तंबूत पडल्यापडल्या चक्रवाकांची ओरड ऐकू येते. कयाक घेऊन थव्यात घुसू नका. थवा माना वर करून एका दिशेला सरकायला लागला की तिथेच वल्हं थांबवा. तेवढ्या अंतरावर थांबलात तर ते उडत नाहीत आणि तुम्हाला नीट दिसतात. पाण्यातल्या उघड्या बेटांवर उतरायचा मोह होतो, मुलांना तर फारच. हिवाळ्यात थोडा वेळ ठीक, पण मार्चपासून नदी सुरय आणि टिटव्या उघड्या वाळूवर, खड्यांत अंडी घालतात. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. मार्चनंतर बेटावर पाऊल नको.

पावसाळ्यात हतनूरचा विचारही करू नका. धरणाला 41 दरवाजे आहेत, आणि वर मध्य प्रदेशात किंवा विदर्भात पाऊस झाला की आपल्याकडे ऊन असतानाही ते उघडावे लागतात.

तोरणमाळचा यशवंत तलाव सुंदर आहे, उंचावर आहे, राहायची सोय आहे. पण डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात पहाटे दव गोठतं. साध्या तंबूत आणि घरच्या चादरीत मुलांचे हाल होतील. आणि महाशिवरात्रीच्या आसपास तिथे यात्रा असते, त्या दिवसांत शांतता मिळणार नाही. वाघूरचं पाणी जळगाव शहर पितं, अक्कलपाड्याचं तुमचं धुळे. तिथे जाऊन काठ बघा, पण मुक्कामाला दुसरं पाणी निवडा. नर्मदेचं बुडीत क्षेत्र, धडगाव-अक्कलकुव्याकडचं, हे मी कोणालाही हौसेखातर सुचवत नाही. दऱ्या सरळ पाण्यात उतरतात, नाव लावायला जागा मिळत नाही, वारा दरीतून नळीसारखा येतो. शिवाय तिथे बार्ज आणि होड्या हा लोकांचा रोजचा रस्ता आहे, दवाखान्याचा, शाळेचा, रेशनचा. त्या पाण्याखाली गावं आहेत. ओळखीच्या माणसाबरोबर, त्यांच्या कामात अडथळा न आणता जायचं ते ठिकाण आहे.

गिरणेच्या बाबतीत एक वेगळी सूचना. धरणाच्या खाली, चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडे, नदीचं वाळूचं पात्र हिवाळ्यात कोरडं पडतं आणि मुक्कामाला छान दिसतं. तिथे झोपू नका. पिण्याच्या पाण्याचं आवर्तन धरणातून नदीत सोडतात आणि ते रात्रीही येऊन पोचतं. तिथल्या एका मेंढपाळ बाबांनी मला एवढंच सांगितलं होतं, ‘‘भाऊ, रातले आठे पानी येस.’’ म्हणजे रात्री इथे पाणी येतं. अशा माणसाशी वाद घालायचा नसतो, सामान उचलायचं असतं. कुठल्याही काठावर पोचलात की पहिल्या भेटलेल्या गुराख्याला विचारा: पाणी वाढतं का, कुठे खोल आहे, मगर दिसते का, बिबट्या फिरतो का. चार प्रश्न, दोन मिनिटं.

बिबट्याचं विचारायचं कारण आहे. रावेर-यावलच्या केळीत, शहादा-तळोद्याच्या उसात बिबटे राहतात. घाबरायची गरज नाही, पण दिवस मावळल्यावर मुलं एकटी तंबूबाहेर जाणार नाहीत, मासे साफ केलेली घाण तंबूजवळ पडणार नाही, आणि तंबू केळीच्या बागेला खेटून नसेल, एवढं पाळा. रात्री प्रत्यक्षात त्रास होतो तो बहुधा ठेलाऱ्यांच्या, म्हणजे मेंढपाळांच्या, कुत्र्यांचा. मेंढ्यांचा वाडा जवळ बसला असेल तर आधीच जाऊन ओळख करून घ्या. अंधारात कुत्री अनोळखी माणसाला सोडत नाहीत.

सापांचंही तसंच. फुरसं दगडांत असतं, मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा चावा अनेकदा जाणवतही नाही. तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावायची, बूट आत ठेवायचे, रात्री उठलात तर बॅटरी पायाशी मारत चालायचं. चावल्याची शंका आली तरी बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. 108 ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. जाताना वाटेतलं ग्रामीण रुग्णालय कुठलं, ते बघून ठेवा. सापाची लस आहे का, हे फोन करून आधी विचारलंत तर आणखी बरं.

तुमच्या कयाकचा खरा शत्रू काटा आहे. धरणाकाठी वेडी बाभूळ माजलेली असते, तिचा काटा वाळून गाळात उभा राहतो. शेताच्या बांधावर सराटे असतात. कयाक ओढत न्याल तर पाण्यात उतरण्याआधीच फुस्स होईल. दोघांनी उचलून न्यायची. हवा भरायच्या आधी खाली जाड ताडपत्री, आणि तीच पुढे तंबूखाली. पंक्चरचं साहित्य बरोबर हवं आणि ते वापरायची सवय घरी करून घ्या.

लाइफ जॅकेट चौघांनाही, मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. तो नसेल तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. काठावर खेळतानाही ते अंगातच. शिट्टी जॅकेटला बांधलेली. पहिल्या सकाळी कंबरभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटवा आणि प्रत्येकाला एकदा तिला धरून राहायला लावा. नाव उलटली तर पोहत काठ गाठायचा नाही, नावेला सोडायचं नाही; हवा भरलेली नाव तरंगतच राहते आणि लांबून दिसते. सकाळी सात ते दहा पाणी शांत असतं. दुपारी वारा उठतो आणि हवेची कयाक वाऱ्यापुढे पानासारखी जाते. म्हणून निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, म्हणजे दमल्यावर वारा तुम्हाला घरी आणतो. काठ धरून फिरा, पाणी ओलांडायचं नाही. थर्माकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे; ओळीच्या टोकाला वळसा घाला. जाळ्यात वल्हं अडकलं तर कापू नका, हळू सोडवा. एक जाळं म्हणजे एका घराची बरीच कमाई असते.

आता मासे. थंडीत मासा आळसावतो. पहाटे पाचला गळ टाकून कुडकुडण्यात अर्थ नाही. पाण्याला ऊन लागल्यावर, नऊनंतर, हालचाल सुरू होते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे गळ किती खोल सोडला यावर काय लागणार ते बरंच ठरतं. कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून घट्ट गोळी करा. पाण्यात पाच मिनिटं टिकली पाहिजे, नाहीतर छोटे मासे ती कुरतडून संपवतात. मुलांसाठी चिलापी सर्वांत सोपी: गांडुळाचा तुकडा, बारीक गळ, काठाजवळचं उथळ पाणी. ती बाहेरून आलेली जात, भरपूर वाढते, हवी तेवढी खा. शिवड्याच्या तोंडात हात घालू नका, दातांच्या रांगा आहेत. शिंगाळ्याचा काटा ताजा लागला तर हात सुजतो, फडक्यानं धरा.

मरळीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. पावसाळ्यात पाणवनस्पतींच्या कडेला पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. पिल्लांजवळ काहीही आलं की ते तुटून पडतात, म्हणून ती मरळ धरणं अगदी सोपं असतं, आणि म्हणूनच लोक धरतात. राखणारी मरळ गेली की तो पुंजका इतर मासे संपवतात. तुम्ही हिवाळ्यात जाणार, तुम्हाला हे दिसणार नाही. पण मुलांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पुढे पावसाळ्यात कधी दिसलं तर ती गळ बाजूला ठेवतील.

पिण्याचं पाणी धरणातून घेऊ नका. फिल्टर असला तरी नको, कारण भोवती कापूस आणि केळी आहे आणि फवारणीचं औषध साध्या फिल्टरमध्ये अडत नाही. माणशी रोज चार-पाच लिटर गावातून भरा. चुलीसाठी झाड तोडू नका. शेतमालकाकडे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग असतो, मागा. पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजा, बरोबर घरून नेलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. त्याच निखाऱ्यावर मासा. वारा असेल तर जाळ नाही, छोटा गॅस. फेब्रुवारीपासून सातपुड्याच्या पायथ्याचं गवत ठिणगीला टेकलेलं असतं, तेव्हा गॅसच. निखारे पाणी ओतून, ढवळून, हात लावून थंड झाल्याची खात्री करून मगच झोपा.

शौचाचा खड्डा वीतभर खोल आणि पाण्यापासून साठ मीटर लांब असा नियम सगळे सांगतात. धरणावर तो जसाच्या तसा पाळू नका. आजच्या पाण्यापासून साठ मीटर म्हणजे गाळपेराच्या मधोमध. पुढच्या पावसाळ्यात ती जागा पाण्याखाली असेल. अंतर मोजायचं ते पूर्ण संचय पातळीच्या रेघेपासून, वरच्या बाजूला. साबण, शाम्पू, भांड्यांचं पाणी, सगळं रेघेच्या वरच. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका, पाणपक्ष्यांच्या पायांत अडकते. गुंडाळून खिशात घाला.

तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातली धरा, नाताळच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आत. त्याआधी एका रविवारी मुलांना न घेता, तंबू न घेता, दोघंच सकाळी जाऊन या. शाखा कार्यालय, मच्छीमार संस्था, शेतमालक, पोलीस पाटील, चौघांनाही त्याच दिवशी भेटता येईल. पातळीची रेघ बघून या, मुरमाड उतार शोधून ठेवा, फोनला रेंज कुठे येते ते पाहा. रात्री जमिनीवर थंडी पुरेपूर लागते, तेव्हा अंगावर घ्यायला जेवढं नेताय तेवढंच अंगाखाली घालायलाही न्या. शेतमालकाकडे कडबा असेल तर तंबूखाली त्याचा थर घाला, आणि सकाळी पेंढ्या पुन्हा बांधून त्याच्या गंजीवर ठेवून या.